बाटली रात्रीच का संपते?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात

नागपूरच्या मानेवाड्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. वय ३८, इतवारीतल्या एका होलसेल कापड दुकानात हिशेबाचं काम. मागच्या उन्हाळ्यात मुतखड्यानं बेजार केलं. खडा पडून गेला, पण डॉक्टरांनी बजावलं की आता पाणी भरपूर प्यायचं. त्याआधी दिवसभरात तीन-चार ग्लासांच्या वर पाणी जात नव्हतं. मग त्यांनी रोज एक-एक लिटरच्या तीन सीलबंद बाटल्या घ्यायला सुरुवात केली आणि चक्क पाणी आवडायला लागलं. 'गार बाटलीचं सील कडकन तुटतं तेव्हाच बरं वाटतं. चव हलकी लागते, किती प्यायले तेही कळतं,' असं त्या लिहितात. एक बाटली दुकानात नेतात, ती बहुतेकदा अर्धी परत येते. उरलेलं सगळं पाणी रात्री आठनंतर घरी पितात.

आता घरात कुरबुर सुरू आहे. महाल भागातल्या वाड्यातून फ्लॅटमध्ये आल्यापासून सासूबाई रोज सकाळी स्वयंपाकघरातल्या नळाखाली माठ भरून ठेवतात. त्या म्हणतात, 'काहून वो, घरच्या माठात काय विष हाये का?' ताईंना ते पाणी जड लागतं, वाड्यातलं लागत नव्हतं. नवऱ्याचं म्हणणं, महिन्याला अठराशे रुपये पाण्यावर जातात. आणि परवा नऊ वर्षांच्या मुलानं माठाचं पाणी बाजूला सारलं: 'मला पण सीलवाली पाहिजे.' ताई विचारतात, 'बाटली सोडली तर माझं पाणी पुन्हा तीन ग्लासांवर येईल, खडा पुन्हा होईल. नाही सोडली तर घरात मीच चैन करणारी ठरते. काय करू?'

उत्तर

ताई,

आधी तुमच्या मनातला एक सल काढून टाकू या. पाणी आवडणं ही चैन नाही. ज्या बाईनं वर्षानुवर्षं स्वतःच्या तहानेकडे लक्षच दिलं नाही, तिला गार पाण्याच्या पहिल्या घोटाचं सुख कळलं, याचा मला मनापासून आनंद वाटला. त्या सुखाबद्दल घरात कुणाची माफी मागू नका.

पण तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. दुकानात नेलेली बाटली अर्धी परत येते आणि बाकीचं पाणी रात्री आठनंतर संपतं. तुम्ही ते सहज लिहून गेलात. माझ्या मते तुमच्या प्रश्नाची गाठ तिथेच आहे. बाटलीमुळे पाण्याची सवय लागली असं तुम्ही धरून चालला आहात. तसं असतं तर तीच बाटली, तेच सील, तीच हलकी चव दुकानातही होती की. मग दुपारी ती का संपत नाही? मे महिन्यात, पारा ४५च्या पुढे असताना, कूलरसमोर बसूनसुद्धा?

मला वाटतं, उत्तर तुम्हाला ठाऊक आहे, फक्त लिहायला संकोच वाटला. दुकानात बायकांसाठी धड संडास-बाथरूम नसेल. किंवा असेल ते गोदामाच्या मागे, कडी नसलेलं, पुरुषांबरोबरचं. मी स्वतः नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षं अशाच एका जागी काढली. किल्ली शिपायाकडे असायची आणि ती मागायची लाज वाटायची. सकाळी नऊला चहा घेतला की संध्याकाळपर्यंत मी ओठसुद्धा ओले करत नसे, आणि त्याला मी 'मला तहानच कमी लागते' असं नाव दिलं होतं. शाळेतल्या शिक्षिका, कंडक्टर बाया, बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या मावश्या, मेडिकलच्या कामाला फिरणाऱ्या मुली यांची पत्रं मला येतात, आणि निम्म्यांत हेच असतं. तहान नव्हती असं नाही. ती दाबायची सवय झाली होती.

मुतखड्याच्या बाबतीत हे दाबणं थेट भोवतं. लघवी घट्ट झाली की तिच्यातले क्षार विरघळलेले राहत नाहीत, त्यांचे स्फटिक जमतात. तुमची लघवी सकाळी नऊपासून रात्री आठपर्यंत घट्टच राहते. मग रात्री अडीच लिटर पाणी एकदम पोटात जातं, मूत्रपिंडं ते भराभर बाहेर टाकतात, तुमची झोप दोनदा मोडते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्हा तेच. पाणी आकड्यात तीन लिटर भरलं तरी दिवसाचे दहा-अकरा तास कोरडेच गेले. झोपण्याआधी एक ग्लास पाणी घ्यायला हरकत नाही, रात्रीची लघवीही घट्ट होऊ नये. पण दिवसाची भरपाई रात्री होत नाही.

डॉक्टरांनी सांगितलं ते मात्र खरंच आहे, त्यात ढिलाई नको. इटलीतल्या पार्मामध्ये पहिल्यांदाच खडा झालेल्या १९९ रुग्णांना पाच वर्षं तपासलं गेलं आणि १९९६ साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना मुद्दाम भरपूर पाणी प्यायला लावलं त्यांच्यात १२ टक्क्यांना खडा परत झाला. बाकीच्यांत २७ टक्क्यांना. औषध नाही, पथ्याचं पुस्तक नाही, नुसत्या पाण्यानं एवढा फरक पडला.

आणि तुमचा तीन बाटल्यांचा हिशेब मला थोडा खटकतो, कारण तो पोटात जाणाऱ्या पाण्याचा आहे. खडा झालेल्यांनी हिशेब बाहेर पडणाऱ्या पाण्याचा ठेवायचा असतो. दिवसाला किमान अडीच लिटर लघवी व्हावी, असं मूत्ररोगतज्ज्ञ सांगतात. पौष महिन्यात तीन लिटर पाण्यात ते साधेलही. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, घाम गाळत इतवारीतून बसनं घरी येणाऱ्या बाईला तीन लिटर कमी पडणार. म्हणून आकड्यापेक्षा रंग बघा. गव्हाच्या काडीसारखा फिकट पिवळा रंग असेल तर ठीक. गडद झाला की तासाभरात दोन ग्लास. बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्या चालू असतील तर मात्र रंग उगाच पिवळाजर्द दिसतो, तेवढं लक्षात असू द्या. सुट्टीच्या एखाद्या दिवशी घरीच मापाच्या भांड्यानं मोजून बघा. किळस वाटेल, पण एकदा मोजलं की अंदाज कायमचा बसतो.

आता चवीकडे येते. तुम्हाला घरचं पाणी जड लागतं, हे मला पटतं. तो नखरा नाही. पाण्याची चव त्यातल्या विरघळलेल्या क्षारांवर ठरते. बाटलीतलं पाणी बहुतेकदा आरओतून काढलेलं, क्षार कमी केलेलं असतं, म्हणून ते हलकं वाटतं. पण मग सासूबाईंच्या महालातल्या वाड्यात हाच त्रास नव्हता, हे कसं? नागपूरला नळाचं पाणी येतं ते मुख्यतः पेंच प्रकल्पातून आणि कन्हान नदीतून. दोन्ही पृष्ठभागावरची पाणी, बोअरच्या मानानं हलकी. तुमच्या फ्लॅट स्कीममध्ये बोअर आहे का, आणि त्याचं पाणी नळाच्या पाण्याबरोबर एकाच टाकीत चढवतात का, हे आधी विचारा. उपनगरांतल्या कितीतरी सोसायट्यांत असंच चालतं. जमिनीतलं पाणी खडकातून झिरपताना कॅल्शियम, मॅग्नेशियम घेऊन येतं आणि जड होतं. त्यात गच्चीवरची टाकी वर्षभर धुतलेली नसेल तर बोलायलाच नको. तुम्ही माठाला नावं ठेवता आहात, पण बिघाड बहुधा टाकीत आहे.

याची खात्री पाचशे रुपयांच्या आत होते. टीडीएस मीटर नावाचं, पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं पेनाएवढं यंत्र मिळतं. एक ग्लास थेट नळाचं (टाकीत न चढलेलं), एक टाकीतलं, एक माठातलं आणि एक तुमच्या बाटलीतलं, चारही मोजा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५००मध्ये, लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत क्षार चांगले मानले आहेत. दुसरा स्रोतच नसेल तर २०००पर्यंत चालवून घ्यायची मुभा आहे. थेट नळाचं पाणी ५००च्या आत निघालं तर घरी आरओ बसवण्याचाही खटाटोप नको, तो निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडू शकतो. फक्त एवढं ध्यानात ठेवा की हे मीटर क्षार सांगतं, जंतू सांगत नाही. पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तर मीटर कितीही दाखवो, गाळून खळखळून उकळायचं. आणि क्षार जास्त निघाले म्हणून घाबरूही नका. खडा होण्यात पाण्यातल्या कॅल्शियमपेक्षा पाणी कमी पिण्याचा वाटा कितीतरी मोठा असतो. दूध-दही तर मुळीच तोडू नका, जेवणातलं कॅल्शियम खडा बनवणाऱ्या ऑक्झलेट या क्षाराला आतड्यातच धरून ठेवतं.

नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येतो म्हणून अनेकजण नाक मुरडतात. तो वास म्हणजे पाण्यानं पाइपातून येताना अंगावर घेतलेलं चिलखत आहे. झाकणाची फट ठेवून पातेल्यात तासभर राहू दिलं की वास बराच कमी होतो. बाटलीतल्या पाण्यात असं राखण करणारं क्लोरीन नसतं. म्हणून एकदा तोंड लावलेली बाटली दोन-दोन दिवस पर्समध्ये ठेवून पिऊ नका, त्यातही आपल्याकडच्या उन्हाळ्यात.

बाटली वाईट असते, असं मी म्हणणार नाही. गाडीतून प्रवास करताना, अनोळखी गावी, लग्नाच्या मांडवात जिथे पाणी कुठून आलं याचा पत्ता नसतो, तिथे मीही सीलबंद पाणीच घेते. घेताना सील, तारीख, बॅच नंबर आणि एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी परवाना क्रमांक बघायचा. आणि दुकानाबाहेर उन्हात रचलेल्या पेट्यांमधली बाटली कधीच घ्यायची नाही, मग ती नंतर फ्रीजमध्ये कितीही गार केलेली असो. बाटलीचं 'पेट' नावाचं प्लॅस्टिक तापलं की त्यातला अँटिमनी हा धातूसारखा घटक पाण्यात जास्त उतरतो. शिवाय २०२४च्या जानेवारीत अमेरिकेतल्या संशोधकांनी तिथल्या तीन कंपन्यांच्या बाटल्या तपासल्या, तेव्हा लिटरमागे सरासरी दोन लाख चाळीस हजार प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण सापडले. त्यांचा शरीरावर नेमका काय परिणाम होतो यावर अजून काम चालू आहे. त्यामुळे आजवर प्यायलेल्या बाटल्यांची भीती घेऊ नका. पण नऊ वर्षांच्या मुलाला रोज तेच द्यावं असं मला वाटत नाही.

बाटलीऐवजी कॅन लावू का, असं तुमच्या मनात येईल. गल्लीत येणारा थंड पाण्याचा कॅन सीलबंद नसेल तर ते बाटलीबंद पाणी नव्हे. ते कुठे भरलं, कॅन कधी धुतला, याची हमी त्यावर कुठेच लिहिलेली नसते. पैसे वाचतील, पण ज्या खात्रीसाठी तुम्ही बाटली घेत होतात तीच जाईल. मला हा पर्याय सगळ्यांत कमी आवडतो.

मग उरतो माठ. आणि इथे मी उघडपणे सासूबाईंच्या बाजूची आहे. माठातलं पाणी सच्छिद्र मातीतून झिरपतं, बाहेरच्या अंगावरून उडून जातं आणि जाताना आतली उष्णता घेऊन जातं. लिटरामागे दहा ग्रॅम पाणी उडालं तरी बाकीचं साडेपाच-सहा अंशांनी उतरतं. हवा जितकी कोरडी, तितका माठ गार. मुंबईच्या दमट हवेत तो असा चालत नाही, आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या झळांत मात्र राज्य करतो. वाळ्याची जुडी टाका. मोरीजवळच्या कोंदट कोपऱ्यातून उचलून वारा लागेल अशा जागी तिवईवर ठेवा. दोन-तीन दिवसांनी रिकामा करून काथ्यानं घासा, साबण लावू नका, माती तो पिऊन घेते. पाणी काढायला लांब दांडीचं ओगराळं ठेवा, म्हणजे कुणाचा हात आत बुडणार नाही. आणि भरायचा तो टाकीच्या नळाखाली नाही. थेट लाइनचा नळ खाली पार्किंगमध्ये किंवा मीटरजवळ असतो, पाण्याच्या वेळेला तिथून एक गुंड (पाण्याची कळशी) भरून आणायचा. सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर ते काम नवऱ्याकडे द्या. अठराशे रुपयांचा हिशेब त्यांनी मांडलाय, तर दोन जिने त्यांनी चढावे. त्यांना पाणीपट्टीचं बिलही काढून बघायला सांगा. त्यातलं एक युनिट म्हणजे हजार लिटर, आणि घरगुती पहिल्या टप्प्यात त्याचा दर तुमच्या वीस रुपयांच्या एका बाटलीहून कमी आहे.

सासूबाईंशी बोलताना बाटलीचा विषयच काढू नका. 'आई, महालात पाणी गोड होतं न, इथं काहून लागत नाही?' असं विचारा. मला खात्री आहे, त्यांनाही ते जाणवलंय. त्या वाड्याची, तिथल्या पाण्याची आठवण त्यांनी मनात ठेवली आहे, आणि घरात रोज सकाळी सगळ्यांसाठी पाणी भरून ठेवणारं माणूस त्या एकट्याच आहेत. तुम्ही सील तोडता तेव्हा त्यांना आपलं भरलेलं पाणी परत आल्यासारखं वाटतं. मीटर घेऊन चारही ग्लास मोजायला त्यांना आणि मुलाला सोबत घ्या. पोराच्या हातात यंत्र दिलं की 'सीलवाली'चं वेड आपोआप उतरेल. त्याला 'पैसे झाडाला लागतात का' असं ऐकवू नका. आईचं बघून तो शिकला, आईचंच बघून बदलेल.

तुम्हाला बाटलीत जे खरोखर आवडलं ते मात्र सोडायचं नाही. ती तुमची असते, दुसरं कुणी तोंड लावत नाही, भरलेली दिसते, संपली की संपलेली दिसते. घरातल्या बाईच्या वाट्याला असं मोजून तिचं म्हणता येईल असं फार थोडं येतं. एक लिटरची स्टीलची बाटली घ्या, चांगली, महागातली घेतली तरी चालेल, ती रक्कम आठ-पंधरा दिवसांच्या बाटल्यांत निघते. गार टिकणारी घ्या, कारण तुम्हाला गारच आवडतं. रोज सकाळी ती माठाच्या पाण्यानं भरा. त्यात कधी अर्धं लिंबू पिळा, मीठ-साखर न घालता. लिंबातलं सिट्रेट खड्याचे स्फटिक जमू देत नाही, संत्र्यातलंही, आणि मीठ जास्त झालं तर उलट लघवीतून कॅल्शियम जास्त जातं. याच कारणानं ओआरएसची पाकिटं रोजचं सरबत म्हणून पिऊ नका. जुलाब-उलट्या झाल्या, ऊन लागलं, तर ते औषध आहे. पाकीट हाताशी नसेल तर लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ.

राहिलं दुकान. हे सगळ्यांत अवघड आहे आणि इथेच सगळं अडलंय. शेठजींशी बोलावं लागेल. एकट्या जाऊ नका, दुकानातल्या आणि शेजारच्या दुकानांतल्या बाया मिळून जा. खड्याचं डॉक्टरांचं पत्र सोबत असू द्या, त्यानं बोलणं सोपं होतं. मागणी लहान ठेवा. आतून लागणारी कडी, दिवा, पाण्याची बादली, रोजची सफाई. दुकानात वीस किंवा जास्त माणसं (२०२५पर्यंत ही मर्यादा दहाची होती) कामाला असतील तर महाराष्ट्राचा २०१७चा दुकाने आणि आस्थापना कायदा लागू होतो, आणि त्यात पिण्याचं पाणी आणि स्वच्छतागृह ही मालकाची जबाबदारी आहे. पहिल्याच वाक्यात कायदा काढू नका, पण माहीत असू द्या. माणसं कमी असतील तर जवळच्या बँकेत, दवाखान्यात, ओळखीच्या घरी सोय होते का ते बघा, आणि जायची वेळ ठरवून घ्या, साडेअकरा आणि चार. वेळ ठरली की पाणी प्यायची भीती जाते.

अशाच अडचणीतल्या बाकी वाचकांसाठी दोन शब्द. दिवसाला आठ ग्लास प्यायलेच पाहिजेत का, असं अनेकजण विचारतात. अमेरिकेतल्या एका मंडळानं १९४५ साली अडीच लिटरचा आकडा दिला होता आणि त्यातलं बरंचसं पाणी जेवणातूनच मिळतं हेही तिथेच लिहिलं होतं. पुढचं वाक्य लोक विसरले. वरण, ताक, टरबूज, पन्हं, सगळं पाणीच आहे. तब्येत ठणठणीत असेल तर तहान आणि लघवीचा रंग पुरेत. म्हाताऱ्या माणसांना मात्र तहान उशिरा कळते, त्यांच्या हातात ग्लास द्यावा लागतो. हृदय कमकुवत असलेल्यांनी आणि मूत्रपिंडाचा जुना आजार असलेल्यांनी या पत्रातलं काहीही स्वतःला लावून घेऊ नये. त्यांना पाणी मोजूनच प्यायचं असतं आणि ते माप त्यांचे डॉक्टर ठरवतात.

ताई, तुम्ही पहिला आठवडा फक्त एक करा. सीलबंद बाटल्या लगेच बंद करू नका, घरी हवी तर एक ठेवा. स्टीलची बाटली मात्र दुकानात न्या, आणि दुपारी दोन वाजता तिच्यात किती पाणी उरलंय ते वहीच्या कोपऱ्यात लिहा. तुम्ही हिशेबातल्या, तुम्हाला ते जड नाही. सात दिवसांचे सात आकडे मला पाठवा, आणि शेठजींकडे जाऊन आलात की त्या कडीचं काय झालं तेही कळवा.